आरशावरचा अकरावा

क्लबच्या इतिहासातले सर्वांत वाईट अकरा खेळाडू कोण, याचा निकाल दर वर्षी मैदानामागच्या गल्लीतल्या सलूनमध्ये लागायचा. हंगामाचा शेवटचा फुटबॉल सामना संपला की त्याच संध्याकाळी न्हावी शटर अर्ध्यावर ओढायचा, फिरत्या खुर्च्यांची तोंडं आरशाकडून माणसांकडे वळवायचा आणि साबणाची एक कोरी वडी फोडायचा. अकरा नावं ठरली की तो ती त्या वडीने मोठ्या आरशावर लिहायचा. नवा हंगाम सुरू होईपर्यंत ती तिथेच राहायची. तोवर दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं तोंड त्या नावांच्या मधून पाहावं लागे.

ही पद्धत न्हाव्याच्या वडिलांनी घातली होती. तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडलेही नव्हते. नाव सुचवणाऱ्याने तो प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. ऐकीव चालणार नाही. त्याने खुर्चीशेजारी उभं राहून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची, नाव गेल्या वर्षी आरशावर असलं तरी नव्याने सांगायची. तो खेळाडू स्वतः हजर असला तर त्याने मध्ये तोंड घालायचं नाही. आणि शेवटचा नियम सगळ्यांत कडक: ऐकणारे हसले नाहीत तर नाव नाही. नुसतं वाईट खेळणं पुरेसं नव्हतं. वाईट तर बहुतेक सगळेच खेळले होते.

तिचे बाबा त्या आरशावर होते. तिला कळायला लागलं तेव्हापासून होते. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. क्लबमध्ये ते ‘भगदाड’. डाव्या बाजूचे बचावपटू, पण समोरचा कुणीही यावा आणि त्यांच्या बगलेतून खुशाल निघून जावा, म्हणून भगदाड. त्यांची हकीकत एकच होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. क्लब वरच्या गटात राहणार की खालच्या गटात जाणार, हे ठरवणारा सामना. बरोबरी झाली तरी पुरे. खेळ संपत आलेला. अशा वेळी भगदाडने चेंडू आपल्याच गोलात घातला. इथवर ठीक, असं कुणाच्याही हातून होतं. पण भगदाडने मग दोन्ही हात वर केले, जल्लोष केला आणि तो गोलापुढे गिरकी घेऊन नाचला. आपण कुणाकडून खेळतोय हेच तो विसरला होता! क्लब खाली गेला तो गेलाच. अजून वर आला नव्हता.

शाळेत असताना पोरं तिला पाहून दोन्ही हात वर करायची. मोठी झाल्यावर हॉस्पिटलच्या धुलाई विभागात नोकरी लागली, तर पहिल्याच आठवड्यात चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईने विचारलं, “तू भगदाडची ना? हात वर कर बघू, चादर लांब आहे.” ती हसली होती. हसून घेतलं की लवकर मिटतं, हे तिला घरातच शिकायला मिळालं होतं. कारण बाबा स्वतः दर वर्षी त्या बैठकीला जायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे, मागच्या बाकावर बसायचे, आपली हकीकत ऐकायचे, इतरांबरोबर हसायचे. घरी आले की चपला काढता काढता एवढंच म्हणायचे, “आहे अजून.”

“मोठा पराक्रम,” आई आतून म्हणायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

आई गेली. पुढे तिचा स्वतःचा नवरा वारला आणि ती बाबांकडे परत राहायला आली. त्याही वर्षी बाबा बैठकीला जाऊन आले आणि म्हणाले, “आहे अजून.” ती या दोन शब्दांवर चिडायची. पण हळूहळू तिची अशी खात्री झाली, की म्हाताऱ्याला हेच हवं आहे. लोकांनी नावं ठेवली तरी चालेल, पण नाव निघालं पाहिजे.

या हिवाळ्यात मात्र एकामागून एक तीन गोष्टी झाल्या. आधी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, उजवा हात ती ठेवेल तिथे चादरीवर पडून राहू लागला. बोलणं तुटलं, शब्द एकेक करून यायचे आणि एक आला की दुसऱ्याला वेळ लागायचा. मग तिकीटवाले काका गेले. मैदानाच्या खिडकीत तिकिटं फाडण्यात त्यांची उमर गेली होती आणि बाबांची हकीकत दर वर्षी तेच सांगायचे. तो सामना पाहिलेले ते शेवटचे. त्या हंगामात क्लब इतका हरत होता की लोकांनी मैदानावर यायचंच सोडलं होतं. जे थोडे आले होते ते एकेक करून संपले.

आणि मग भिंत गेला. भिंत म्हणजे क्लबचा आजवरचा सगळ्यांत मोठा गोलरक्षक. इथून मोठ्या क्लबात गेला, नाव काढलं, शेवटपर्यंत बाहेरच राहिला. सलूनमध्ये आरशाच्या वर त्याचा फोटो होता. बातमी रेडिओवर सांगितली तेव्हा ती बाबांना दूध पाजत होती. त्यांनी चमच्यापुढे तोंड मिटून घेतलं. “दुखतंय का?” तिने विचारलं. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी मग काही घेतलंच नाही. जुना सोबती गेला, वाईट वाटणारच, असं म्हणून तिने तो विषय सोडला.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी तिने खिडकी उघडी ठेवली होती. मैदानावरचा आवाज छपरांवरून यायचा. एकदा मोठा आला, मग बराच वेळ काही नाही, मग एक लांब, खाली उतरत जाणारा आवाज आला.

“हरले,” बाबा म्हणाले. या शब्दाला ते अडखळत नसत.

“हरणारच. कधी नव्हे ते?” ती उशी सारखी करत म्हणाली.

“आज... आहे.”

“बैठक? असू दे. तुम्हाला कुठे नेऊ मी आता? खुर्चीत घालून?”

“तू.”

“मी काय?”

“तू जा.” बराच वेळ गेला. “तू सांग.”

ती उशी हातात धरून तशीच उभी राहिली. “बाबा, पुरुषांचं सलून आहे ते. मी तिथे जाऊन काय करू? वेणी घालून घेऊ?”

ते हसले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं. “तू... पाहिलंस.”

या गोष्टीवर दोघं आजवर कधी बोलले नव्हते. ती त्या दिवशी मैदानावर होती हे खरं होतं. आई तिला घेऊन आली होती, दोघी गोलामागच्या बुटक्या कठड्यावर बसल्या होत्या. बाबांना ते माहीत आहे, हे तिला आत्ता कळलं. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. काका नाहीत, सांगणारा दुसरा कुणी नाही. आज कुणी उभं राहिलं नाही तर नाव पुसलं जाणार. म्हाताऱ्याला आपली जागा जायला नको होती. तिने शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवलं, केस बांधले आणि निघाली.

सलून काही लांब नव्हतं, पण ती सावकाश गेली. चालताना तिने तो प्रसंग मनातल्या मनात पुन्हा पाहिला, जसा घडला होता तसा. चेंडू उंच उडून गोलाकडे येत होता. बाबा त्याच्या खाली होते, पाय उचललेला. मागून गोलरक्षक ओरडला, “माझा! सोड!” ओठांवर मिसरूड न फुटलेला पोरगा, त्याचा तो पहिला सामना. बाबांनी पाय आवरला. आणि पोरगा आलाच नाही. ओरडला आणि जागच्या जागी खिळून राहिला. चेंडू बाबांच्या आवरलेल्या पायावर आपटला आणि आत गेला. मग कप्तान लांबून धावत आला, शिव्या देत, हात उगारून, थेट त्या पोराच्या अंगावर. पोरगा गोलाच्या खांबाला टेकून थरथरत होता. आणि बाबांनी हात वर केला. एकच हात, उजवा. कोपर सरळ, तळवा कप्तानाकडे. “माझी चूक,” ते म्हणाले. तिने ऐकलं होतं, तिच्या आईने ऐकलं होतं. पलीकडच्या बाजूला बसलेल्यांना काही ऐकू गेलं नाही, त्यांना फक्त वर गेलेला हात दिसला आणि कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं: “अरे, भगदाड जल्लोष करतोय!” पुढे एका हाताचे दोन झाले. नाच तर बराच उशिरा आला. ती कॉलेजात असताना केव्हातरी.

तो थरथरणारा पोरगा म्हणजे भिंत.

ती शटरखालून वाकून आत गेली तेव्हा आठ नावं लिहून झाली होती. टपालपेटी, म्हणजे ज्याच्या गोलात कुणीही काहीही टाकावं असा गोलरक्षक. पोलीसगाडी, म्हणजे सगळं उरकल्यावर पोहोचणारा. आणखी असेच. भिंतच्या फोटोच्या चौकटीला यंदा काळी फीत लावली होती.

“दाढी बंद झाली आजची,” कुणीतरी न बघताच म्हणालं.

“मला नाही करायची,” ती म्हणाली.

माना वळल्या, मग हशा पिकला. न्हाव्याने घाईघाईने एक स्टूल पुसून पुढे केलं. “या ताई, बसा. बाबा कसे आहेत?”

“आहेत.”

हकीकत मध्येच तुटली होती ती पुन्हा सुरू झाली. बेकरीवाला उभा होता, पोट पुढे, हात पिठात घातल्यासारखे लांब धरून. तो पाहुण्याविषयी सांगत होता. पाहुणा हा याच हंगामात बाहेरून आणलेला आघाडीचा खेळाडू. “आला, चहापाणी केलं, मैदान बघितलं, छान आहे म्हणाला आणि गेला! अख्ख्या हंगामात त्याच्या शर्टाला घाम नाही. धोब्याला विचारा.”

“हसण्यासारखं काय घडलं ते सांग,” वकील म्हणाला. वकील हा विजेची कामं करणारा. वाद घालायची खोड म्हणून वकील. “नुसता आळशी असून भागत नाही. आळशी मीही आहे.”

“ते आम्हाला पंखा दुरुस्तीला दिल्यापासून माहीत आहे.”

पाहुणा थोडक्यात हुकला. लोक हसले, पण बेकरीवाल्याला हसले, असं न्हाव्याने ठरवलं. मग दोन नावं आणखी लागली आणि दहा झाली. एक जागा उरली.

“आता भगदाड,” न्हावी म्हणाला, तिच्याकडे न बघता.

“साक्षीदार कोण?” वकिलाने विचारलं. “काका नाहीत. मालक, मलाही वाईट वाटतं, पण नियम तो नियम. ऐकीव घेतलं तर उद्या कुणीही काहीही सांगेल.”

“अरे, भगदाड नसलेला आरसा म्हणजे नाक नसलेलं तोंड,” बेकरीवाला म्हणाला.

“तू पाहिलंस का तो सामना?”

“मी तेव्हा पाळण्यात होतो.”

“मग पाळण्यातच बस.”

“मी पाहिलाय,” ती म्हणाली.

ती उठून खुर्चीशेजारी उभी राहिली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला तर ती फिरली, म्हणून हात काढून घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हसू आधीच येऊन थांबलं होतं, दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारखं. तिने गटाचं सांगितलं, बरोबरीचं सांगितलं. चेंडू उंच आला म्हणाली. मग ‘माझा! सोड!’ तोंडावर आलं आणि तिथेच थांबलं.

तिला दोन्ही रस्ते स्वच्छ दिसले. खरं सांगितलं तर कुणी हसणार नाही. हसले नाहीत तर नाव नाही. घरी पडलेला म्हातारा विचारणार, आणि तिला सांगावं लागणार, नाही बाबा, पुसलं. सगळा जन्म तिला वाटत आलं होतं की एकदा कुणीतरी खरं सांगावं. आणि आता ती स्वतः उभी होती तर खरं सांगणं म्हणजे बाबांना तिथून हाकलणं.

“चेंडू आला,” ती म्हणाली, “आणि बाबांनी घातला आपल्याच गोलात. आणि मग...” तिने दोन्ही हात वर केले.

सलूनमध्ये हशा कोसळला. बेकरीवाला खुर्चीच्या हाताला धरून वाकला.

“आणि नाच?” वकील डोळे पुसत म्हणाला. “काका सांगायचे, गिरकी घेतली.”

“घेतली ना,” ती म्हणाली. आणि कापलेले केस पडलेल्या त्या फरशीवर तिने पंचावन्नाव्या वर्षी एक गिरकी घेऊन दाखवली.

न्हाव्याने अकरावं नाव लिहिलं. भगदाड. ‘ड’ लिहिताना वडी तुटली आणि त्यावरही लोक हसले.

घरी बाबा जागे होते. काकू गेल्या, तिने दार लावलं आणि ती पलंगाच्या कडेला बसली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

“आहात अजून,” ती म्हणाली. “अकरावे.”

त्यांचा चेहरा हलला नाही. “सांगितलंस?”

“सगळं. बेकरीवाला पडायचा राहिला.”

“हसले?”

“हसले म्हणजे! वकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.”

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. “हात?” त्यांनी विचारलं.

“दोन,” ती म्हणाली.

“एक होता.”

“मला माहीत आहे, बाबा.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणून... तुला.”

पुढचं यायला फार वेळ लागला. मध्ये त्यांनी दोनदा डोळे मिटले आणि दोनदा तिला वाटलं की आता झोपले. तिने एकेक शब्द गोळा करून ठेवला. भिंत गेला. पोरगा होता, पहिला सामना. मग मोठा झाला. मग कसं सांगणार? आता गेला. आता त्याला लागणार नाही.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “तुम्हाला तिथे राहायचंय. दर वर्षी यायचात आणि म्हणायचात, आहे अजून. मला वाटलं...”

“पुष्कळ राहिलो,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. रागाने नव्हे, रागाला लागते तेवढी ताकद त्यांच्यात नव्हती. तिने त्यांचा उजवा हात उचलून चादरीच्या आत घेतला.

सकाळी कामावर जाताना ती सलूनमध्ये गेली. न्हावी झाडत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती खुर्चीशेजारी उभी राहिली, कालच्याच जागी, आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं: “माझा! सोड!”, आवरलेला पाय, कप्तान, एक हात. न्हाव्याने केरसुणी कोपऱ्यात टेकवून ऐकलं. सांगून झालं तेव्हा त्याने एकदा फोटोकडे पाहिलं.

“मग याचं काय करायचं?”

“काही करू नका. लहान होता तो. बाबांना ते नको होतं.”

“आणि हे?” त्याने आरशाकडे मान केली.

“पुसा.”

“ताई, विचार करा. माझ्या बापापासून आहे ते नाव. पुसलं तर तुमचे बाबा कुठेच राहायचे नाहीत. क्लबच्या कचेरीत त्यांचा फोटोसुद्धा नाही.”

“कुणी हसलं नाही तर नाव नाही,” ती म्हणाली. “तुम्ही हसलात का आत्ता?”

न्हाव्याने ओला नॅपकिन पिळून तिच्या हातात दिला. साबण वाळून घट्ट बसला होता. तिला दोनदा घासावं लागलं.

त्या दिवशी ती धुलाईत ओल्या चादरींची टोकं धरून उभी राहिली, इस्त्रीच्या रुळांतून निघालेल्या गरम चादरी घडीला लावल्या, जोडीदारणीने काही विचारलं तर हूं म्हणाली. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय न धुता ती आधी बाबांपाशी गेली.

“बाबा, आज सांगितलं. एकच हात. न्हाव्याला सांगितलं, आणि नाव पुसलं.”

“हसला?”

“नाही.”

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली, आणि चमचा पुढे केला तेव्हा तोंड उघडलं. बस, एवढंच. तिला वाटलं होतं याहून काहीतरी जास्त होईल.

बाबा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी गेले. तोवर आरशावर दहा नावं होती आणि खाली एक पुसट पट्टा. दाढीला आलेला माणूस नावं वाचायचा आणि विचारायचा, “अकरावा कुठाय?” मग न्हावी सांगायचा. तो प्रामाणिक माणूस होता; आधी म्हणायचा, मी पाहिलेलं नाही, जिने पाहिलं तिच्याकडून ऐकलंय. आणि मग जसं ऐकलं तसं सांगायचा. बेकरीवाल्याने ऐकलं, वकिलाने ऐकलं. वकील तर अंत्ययात्रेला आला तेव्हा तिच्यापुढे काही वेळ नुसता उभा राहिला आणि वाद घालायला काही न सापडलेल्या माणसासारखा परत गेला. पण ती गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. तिच्यात चूक होती, पण मजा नव्हती. ऐकून झालं की गालाला साबण लावलेल्या माणसाला काय बोलावं ते कळत नसे, आणि तो हवापाण्याचं काहीतरी काढायचा. हंगाम सुरू झाला, न्हाव्याने रीतीप्रमाणे आरसा पुसला, आणि मग कुणी विचारायचंही कारण उरलं नाही.

पुढच्या वर्षी हंगाम संपला त्या संध्याकाळी ती पाळी संपवून त्याच गल्लीतून घरी येत होती. क्लब हरला होता. शटर अर्ध्यावर होतं. आत बसलेल्यांचे फक्त पाय दिसत होते, बुटांतले, चपलांतले, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोन जाडजूड पाय. आवाजावरून ते बेकरीवाल्याचे.

“आणि चेंडू कुठे गेला? आपल्याच गोलात!” तो सांगत होता. “आणि आमचा पाहुणा काय करतो? दोन्ही हात वर! दोन्ही! आणि मग काय केलं माहीत आहे?”

जाड पायांनी एक गिरकी घेतली. आत हशा फुटला, आधी एका बाजूने, मग सगळीकडून. साबणाची वडी काचेवर घासल्याचा आवाज आला. नाव लागलं.

ती शटरपाशी थांबली. वाकून आत जावं, असं एक क्षण तिच्या मनात आलं. पण तो सामना तिने पाहिला नव्हता. पाहुण्याने हात वर केला होता की नाही, केला तर कशासाठी, तिला ठाऊक नव्हतं, आणि इथे ऐकीव चालत नसे. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती घराकडे निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत हसण्याचा आवाज येत होता.